पंखाच्या मुळाशी

नाशिकच्या सिव्हिलमध्ये, एक्स-रेच्या खोलीत
मी दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणतो :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
सोडा.
गर्दी कमी असली की कधीकधी
माझ्या पाठीशी धवळूमामा येऊन बसतो,
उकिडवा,
कानावर न पेटवलेली विडी.

बाऱ्ह्याच्या पुढे, नार नदीच्या वरच्या अंगाला
ऐनाच्या बुंध्याआड आम्ही असेच बसायचो.
धामणीचा कामठा, बांबूच्या सालीची दोरी,
मी अकरा वर्षांचा, बोटं गारठ्यानं बधिर.
मामा काडीनं मातीत रानकोंबडा काढायचा.
पिसं नाही काढायचा. नुसता आतला.
एवढासा. कच्च्या पेरूएवढा.

"फुललेला दिसतो ना, पोऱ्या,
त्यात अर्धा कोंबडा नसतोच.
तिथं मारलंस तर वाऱ्याला मारलंस.
आडवा असला तर पंखाच्या मुळाशी,
पाठमोरा असला तर शेपटीच्या बुडाशी, कणा धरून.
समोरून आला तर थांब.
वळतो तो. सगळेच वळतात कधीतरी.
पंख गेला तर पळेल, पाय गेला तर उडेल,
पोट गेलं तर दोन्ही करेल
आणि रात्री कुठंतरी एकटा मरेल.
मुंगूस खाईल त्याला.
पण पाप मुंगसाच्या नावावर चढत नाही."

शिमग्याला चार दिवस होते.
सागाच्या वाळल्या पानांवर आधी आवाज आला,
मग तो.
मानेवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके.
मामानं पाखरांसाठी दिला होता
लाकडी बोंडाचा, बोथट बाण.
मी लोखंडी पात्याचा उचलला.
का, ते विचारू नका,
अकरा वर्षांच्या माणसाला कुणी विचारत नाही.

त्यानं पिसं फुलवली
आणि मी फुललेल्यावर सोडला.
श्वास रोखायचा राहिला.

बाण खाली लागला, मागे.
तो उडाला बाणासकट,
दरीवरून, तिरपा,
पाटीवर चुकलेलं गणित खोडावं
तशी ती एक रेघ.

मामानं हात उगारला नाही.
विडी पेटवली.
"ही संपेस्तोवर बस.
आत्ता धावलास तर अजून लांब नेशील त्याला."
मग आम्ही जागा पाहिली :
पोटाकडची पांढुरकी लव,
एक थेंब, हिरवट.
मामानं तो बोटावर घेतला, हुंगला,
बोट पानाला पुसलं.

करवंदीच्या जाळ्या, ओहोळाचे दगड,
अंधार पडेपर्यंत.
बाणसुद्धा मिळाला नाही.
घरी मामीनं मसाला वाटून ठेवलेला.
तिनं आमचे हात पाहिले
आणि पाटा धुऊन टाकला.
नागलीची भाकरी, मिरची.
कुणी काही बोललं नाही,
आणि मी दोन भाकरी खाल्ल्या, हे खरं आहे.

आता शिकार बंद. कायद्यानं, आणि बरंच झालं.
कामठा आढ्याला टांगलेला,
दोरी उंदरांनी नेली.

मागच्या पौषात मामाच आला, खोकत.
सदरा काढला. छाती गार पाटीला टेकवली.
हनुवटी वर, म्हणालो मी,
श्वास घे मामा. रोख.
त्यानं रोखला.
इतका वेळ की सोड म्हणायचं मला सुचेना.

पडद्यावर फासळ्या उमटल्या
आणि डावीकडे, खाली,
एक पांढुरका डाग.
त्यानं मान पुढे काढून पाहिलं,
पिसं नसलेला, नुसता आतला मामा.
"कुठं लागलंय?"
मी काचेवर बोट ठेवलं.
बराच वेळ तो त्या बोटाकडे बघत राहिला,
अंतर मोजत असल्यासारखा.
"पंखाच्या मुळाशी नाही," म्हणाला,
"म्हणजे लांब जाईन."

सदऱ्याची बटणं एकेक घर चुकवून लावली
आणि निघाला तो, व्हरांड्यातून, भिंत धरत.
मी लगेच मागे गेलो नाही.
विडी संपेस्तोवर बसायचं असतं.
आणि मी विडी ओढत नाही.